'बोथ', 'आयदर' आणि दोघांचा हिशेब

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेली पत्रे एकत्र वाचताना गंमत वाटली. पत्रे निरनिराळ्या गावांहून आलेली, लिहिणाऱ्यांची वये आणि व्यवसाय वेगवेगळे, पण बहुतेकांचे इंग्रजी अडले आहे ते 'दोन' या आकड्यापाशी. म्हणून या वेळचे सदर दोघांपुरतेच ठेवले आहे. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे इंग्रजी शब्द आणि वाक्ये देवनागरीतच दिली आहेत.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. नववीच्या चाचणीत 'काल दोघेही आले नाहीत' हे वाक्य भाषांतरासाठी दिले होते. जवळजवळ निम्म्या वर्गाने 'बोथ डिड नॉट कम यस्टर्डे' असे लिहिले आणि मी अर्धा गुण कापला. एक पालक उत्तरपत्रिका घेऊन आले आणि यात व्याकरणाची नेमकी चूक कोणती, असे त्यांनी विचारले. 'असे म्हणत नाहीत' यापलीकडे मला उत्तर देता आले नाही.

उत्तर : अर्धा गुण कापलात ते योग्यच केलेत, मात्र त्यावर 'व्याकरणाची चूक' असा शिक्का मी मारणार नाही. कर्ता, क्रियापद, काळ, सगळे जागच्या जागी आहे. बिघडला आहे तो अर्थ. हे वाक्य ऐकणाऱ्या इंग्रजी भाषकाच्या मनात 'दोघे मिळून आले नाहीत, म्हणजे एक जण आला असावा' अशी शंका उभी राहते, आणि मुलांना तर एकही आला नाही असे सांगायचे आहे.

ही शंका आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. 'सगळे आले नाहीत' असे कोणी म्हटले की आपणही 'मग कोण कोण आले?' असे विचारतोच. नकार सगळ्यांना लागला की सगळेपणाला, एवढाच हा घोळ आहे. दोघांच्या बाबतीत मराठीने तो एका अक्षराने मिटवला आहे. 'दोघे आले नाहीत' यात थोडी संदिग्धता राहते, कारण दहा जणांपैकी दोघे गैरहजर होते असाही त्याचा अर्थ होतो. पण 'दोघेही आले नाहीत' म्हटले की विषय संपतो. 'ही' आणि 'नाही' ही मराठीतील ठरलेली जोडगोळी आहे. कोणीही नाही, काहीही नाही, कधीही नाही, एकही नाही, या सगळ्या प्रयोगांत 'ही' आधी येऊन जागा धरते आणि वाक्याच्या शेवटी येणारा नकार तिच्याशी जोडला जातो.

इंग्रजीला एवढा वेळ थांबणे जमत नाही. ती नकार त्या शब्दातच मुरवून टाकते आणि वाक्याच्या तोंडाशी आणून ठेवते. 'नोबडी', 'नथिंग', 'नेव्हर', 'नन' हे शब्द असेच घडले आहेत, आणि दोघांसाठी त्याच घराण्यातला शब्द आहे 'नायदर'. म्हणून 'नायदर ऑफ देम केम यस्टर्डे'. यात क्रियापद होकारार्थीच राहते, ही गोष्ट मुलांना पुन्हा पुन्हा सांगावी लागेल. 'नायदर ऑफ देम डिड नॉट कम' असे लिहिणारी मुले पुढच्या चाचणीत नक्की भेटतील. त्यांनी नवा शब्द घेतला, पण मराठी 'नाहीत' सोडवला नाही, असे समजावे. फळ्यावर मराठी वाक्य लिहून 'दोघेही' आणि 'नाहीत' या दोन शब्दांभोवती खडूने गोल काढावेत, ते दोन गोल एका रेषेने जोडावेत आणि त्या रेषेवर 'नायदर' लिहावे. दोन मराठी शब्दांचे काम एक इंग्रजी शब्द करतो, हे त्यातून डोळ्यांना दिसते. मी शिकवत असताना एवढ्यावर बहुतेक मुलांचे भागत असे.

नकार आधीच येऊन गेला असेल, तर मात्र 'नायदर'ची गरज राहत नाही आणि तेथे 'आयदर' येतो. 'मी दोघांनाही ओळखत नाही' याचे भाषांतर 'आय डोन्ट नो आयदर ऑफ देम' असे होते. 'आय डोन्ट नो बोथ ऑफ देम' म्हटल्यास, निदान एकाला तरी ओळखत असाल, असा समज होतो. 'मलाही नाही', 'मीही नाही' या उत्तरांतही हीच खोच आहे. समोरचा 'आय डोन्ट लाइक इट' म्हणाला आणि आपण 'मी टू' म्हणालो, तर ते कानाला खटकते. तेथे 'नायदर डू आय' किंवा 'आय डोन्ट आयदर' म्हणावे.

जाता जाता क्रियापदाविषयी. 'नायदर ऑफ देम' याच्या पुढे परीक्षेत 'इज' लिहावे. बोलण्यात 'आर' सर्रास ऐकू येते आणि त्यासाठी कोणाला धारेवर धरण्याचे कारण नाही. 'नायदर द हेडमास्टर नॉर द टीचर्स' अशा रचनेत मात्र क्रियापद जवळच्या नामाप्रमाणे चालते, म्हणून येथे 'वेअर'.

प्रश्न : मी नाशिकचा, निवृत्त. माझ्या आणि पत्नीच्या बँक खात्याच्या पासबुकावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असे छापले आहे. अलीकडे मुलीचे नाव जोडायला गेलो, तेव्हा बँकेतल्या मुलीने नव्या अर्जावर 'एनीवन ऑर सर्व्हायव्हर' या चौकटीत खूण करायला सांगितली. अर्थ एकच असेल तर शब्द का बदलला? दुसरे असे की, 'आयदर' म्हणजे दोहोंपैकी एक असेल, तर 'ट्रीज ऑन आयदर साइड ऑफ द रोड' याचा अर्थ 'रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडे' असा कसा होतो?

उत्तर : आपला पहिला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण व्याकरणाचा काटेकोरपणा बँकेच्या अर्जात इतका चोख पाळलेला क्वचित दिसतो. 'आयदर' हा शब्द फक्त दोघांचा आहे. खात्यावर दोन नावे होती तोवर 'दोघांपैकी कोणीही एक, अथवा मागे राहील तो' हे सांगायला तो पुरेसा होता. तिसरे नाव आले की 'आयदर'ची हद्द संपते आणि 'एनीवन' लागते. मराठीत आपल्याला हा बदल जाणवत नाही, कारण 'कोणीही एक' म्हणताना माणसे दोन आहेत की पाच, याची मराठी विचारपूस करत नाही.

त्याच अर्जावर आपल्याला 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' आणि 'लॅटर ऑर सर्व्हायव्हर' अशाही चौकटी दिसल्या असतील. 'फॉर्मर' म्हणजे दोन नावांपैकी आधीचे आणि 'लॅटर' म्हणजे नंतरचे. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर पहिल्या नावाची व्यक्ती हयात असेपर्यंत खाते तिनेच चालवायचे. दुसऱ्या व्यक्तीचा अधिकार तिच्या पश्चात सुरू होतो. म्हणजे 'आयदर' आणि 'फॉर्मर' यांतील फरक हा केवळ शब्दांचा फरक नाही. कोणाच्या सहीने पैसे निघतील याचा तो फरक आहे. अनेक घरांत ही खूण कारकुनाने सुचवली म्हणून केलेली असते आणि तिचा अर्थ नको त्या प्रसंगी कळतो. आपण निवृत्त आहात म्हणून आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, ती व्याकरणाबाहेरची आहे : मुदत ठेवीवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असले, तर मुदत पूर्ण झाल्यावर एकाच्या सहीने रक्कम मिळते, पण ठेव मुदतीआधी मोडायची झाल्यास, दोघे हयात असताना, बँक दोघांच्याही सह्या मागू शकते. आपल्या बँकेत हे एकदा विचारून घ्यावे.

आता झाडांकडे. 'आयदर' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि आपल्याला नवा वाटणारा अर्थ खरे तर जुना आहे. प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ 'दोहोंपैकी प्रत्येक' असाच होता. 'दोहोंपैकी कोणते तरी एक' हा अर्थ नंतर रुळला आणि त्याने घर बळकावले. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये येशूच्या दोन्ही बाजूंना एकेक गुन्हेगार क्रुसावर चढवल्याचे वर्णन 'ऑन आयदर साइड वन' अशा शब्दांत आहे. आज हा जुना अर्थ मुख्यतः 'साइड', 'एंड', 'हँड' अशा मोजक्या नामांबरोबर शिल्लक आहे. एक लक्षात ठेवावे : 'आयदर साइड' यात नाम एकवचनी असते आणि 'बोथ साइड्स' यात अनेकवचनी. 'आयदर' दोन बाजू एकेक करून पाहतो आणि 'बोथ' दोन्ही एका नजरेत घेतो.

हा जुना अर्थ भलत्या ठिकाणी वापरला तर काय होते, त्याचा अनुभव आमच्या घरी आला आहे. आईच्या डोळ्यांसाठी दिलेल्या औषधाच्या कागदावर 'वन ड्रॉप इन आयदर आय, थ्राइस अ डे' असे लिहिले होते. धाकट्या भावाने त्याचा अर्थ 'कोणत्याही एका डोळ्यात' असा लावला, मी 'दोन्ही डोळ्यांत' असा लावला, आणि आई हातात बाटली घेऊन आमचा वाद संपण्याची वाट पाहत बसली. शेवटी फोन करून विचारले. दोन्ही डोळ्यांत घालायचे होते. 'ईच आय' एवढे दोन शब्द लिहिले असते तर काम झाले असते. दोहोंपैकी प्रत्येक सांगायचे असेल तेव्हा 'ईच' किंवा 'बोथ' लिहावे आणि 'आयदर' रस्त्याच्या कडेच्या झाडांसाठी ठेवावा, असे माझे मत आहे.

उच्चाराविषयी आपण विचारले नाही, पण दर वेळी कोणीतरी विचारतेच. 'आयदर' आणि 'ईदर' हे दोन्ही उच्चार मान्य आहेत. पहिला ब्रिटनमध्ये अधिक आणि दुसरा अमेरिकेत अधिक चालतो.

प्रश्न : मी हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. रजेच्या ईमेलमध्ये मी 'माय बोथ डॉटर्स आर अनवेल' असे लिहिले. परदेशातील सहकाऱ्याने मुलींची चौकशी केली आणि उत्तरात 'बोथ युअर डॉटर्स' असे लिहिले. त्याने मला सौम्यपणे सुधारले का? माझ्या वाक्यात चूक होती का? आणि 'बोथ आर सेम' असे आम्ही दिवसातून दहादा म्हणतो, तेही चूक आहे का?

उत्तर : त्याने सुधारले की नाही, ते त्यालाच ठाऊक, पण शब्दांचा क्रम त्याचा बरोबर आहे. 'माझ्या दोन्ही मुली' या मराठी क्रमाने आपण 'माय बोथ डॉटर्स' लिहितो. इंग्रजीत 'बोथ' हा शब्द 'माय', 'द', 'दीज' यांच्या पुढे उभा राहतो. त्यांच्या मागे उभे राहणे त्याला चालत नाही. 'बोथ माय डॉटर्स', 'बोथ द रिपोर्ट्स', 'बोथ दीज फाइल्स'. हवे तर मध्ये 'ऑफ' घालावा, 'बोथ ऑफ माय डॉटर्स', आणि सर्वनाम असेल तर तो घालावाच लागतो : 'बोथ ऑफ देम', 'बोथ ऑफ अस'. 'बोथ देम' असे होत नाही. 'वुई बोथ' मात्र होते, आणि ते आपल्या 'आम्ही दोघी'च्या इतके जवळचे आहे की तेथे कोणी चुकत नाही.

'बोथ आर सेम'मध्ये दोन गोष्टी आहेत. 'द' राहिला आहे, ही किरकोळ गोष्ट. मोठी गोष्ट अशी की, 'बोथ' हा शब्द आपले विधान दोघांना सुटे सुटे लावतो. 'बोथ आर अनवेल' म्हणजे थोरली आजारी आहे आणि धाकटीही आजारी आहे. हीच फोड 'सेम'ला लावून पाहावी : पहिली फाइल सारखी आहे आणि दुसरी फाइलही सारखी आहे. कोणासारखी? सारखेपणा, वेगळेपणा, भेट, भांडण, लग्न, नाते, या गोष्टी एकट्यादुकट्याच्या नसतात. त्या दोघांमध्ये घडतात. तेथे 'बोथ' अडखळतो आणि 'द टू' किंवा साधे 'दे' चालते. 'द टू फाइल्स आर द सेम', 'द टू आर डिफरंट', 'दे मेट इन पुणे'. 'त्या दोघी बहिणी आहेत' हे सांगताना 'बोथ आर सिस्टर्स' म्हटले, तर दोघी कोणाच्या तरी बहिणी आहेत, कदाचित वेगवेगळ्या भावांच्या, एवढेच कळते; किंवा त्या रुग्णालयात परिचारिका आहेत असेही कोणी समजेल, कारण ब्रिटनमध्ये वरिष्ठ परिचारिकेला 'सिस्टर' म्हणतात. 'दे आर सिस्टर्स' म्हणावे.

मराठीत आपण येथे का फसतो, तेही सांगतो. आपले 'दोघे', 'दोघी', 'दोन्ही' हे शब्द दोन्ही कामे करतात. 'दोघी हुशार आहेत' यात ते सुटे मोजतात आणि 'दोघी सारख्या आहेत' यात एकत्र धरतात. इंग्रजीने सुट्या मोजणीचे काम 'बोथ'ला दिले आणि एकत्र धरण्याचे 'द टू'ला. एखादे वाक्य लिहिताना शंका आली, तर ते एकेकाविषयी वेगळे म्हणून पाहावे. म्हणता आले तर 'बोथ', नाही म्हणता आले तर 'द टू'.

याच्या उलट एका बाबतीत मराठी श्रीमंत आहे. आपण दोन्ही, तिन्ही, चारही, पाचही असे कितीही पुढे जाऊ शकतो. इंग्रजीचा खास शब्द दोनपाशीच संपतो आणि तिन्हींसाठी तिला 'ऑल थ्री' असे दोन शब्द जोडावे लागतात. त्यात आपण सवयीने 'द' घालून 'ऑल द थ्री' म्हणतो. तो 'द' सोडून द्यावा.

प्रश्न : मी पुण्यात संस्कृत घेऊन बी. ए. करते आहे. संस्कृतात एकवचन, द्विवचन, बहुवचन अशी तीन वचने आहेत. इंग्रजीत द्विवचन कधी होते का? 'बोथ' आणि 'आयदर' हे त्याचेच अवशेष आहेत का?

उत्तर : हा प्रश्न आला नसता तर मीच कोणाला तरी विचारायला लावला असता.

प्राचीन इंग्रजीत द्विवचन होते, पण फक्त सर्वनामांत. 'आम्ही दोघे' यासाठी 'वित' आणि 'तुम्ही दोघे' यासाठी 'गित' असे शब्द होते. क्रियापदाला मात्र वेगळे द्विवचन उरले नव्हते. 'वित'पुढे बहुवचनी रूपच येई. तेराव्या शतकाच्या सुमारास ही सर्वनामेही गेली. आपल्याकडे हे त्याच्या फार आधी घडून गेले होते. प्राकृतात द्विवचन राहिले नाही, आणि त्याच्या जागी बहुवचन वापरावे असा नियमच प्राकृत व्याकरणकारांनी नोंदवून ठेवला आहे. मराठीला म्हणून ते मिळालेच नाही. 'रामौ' पाठ करताना शाळेतील मुलांना जो त्रास होतो, तो या जुन्या घटनेमुळे होतो.

आपण म्हणता ते अवशेष आहेत, पण ते वचनाचे नसून त्याच दोनपणाच्या जाणिवेचे आहेत. संस्कृतात 'कतर' म्हणजे दोघांपैकी कोणता, आणि 'कतम' म्हणजे अनेकांपैकी कोणता. इंग्रजीतला 'व्हेदर' हा शब्द या 'कतर'चा सख्खा नातलग आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थही 'दोहोंपैकी कोणते' असाच होता. आज 'व्हेदर ही कम्स ऑर नॉट' म्हणताना येणे आणि न येणे अशा दोन शक्यता समोर असतात, तो त्या जुन्या अर्थाचाच अंश आहे. 'आयदर'च्या पोटात हा 'व्हेदर' दडला आहे आणि 'नायदर'च्या पोटातही. 'अदर'चा शेवटही याच प्रत्ययाचा आहे. या सगळ्यांच्या शेवटी जो 'दर' ऐकू येतो, तो आणि आपला 'तर' मुळात एकच. 'बोथ'मधला 'बो' आणि 'उभय'मधला 'भ' यांचेही असेच एक मूळ आहे.

आणि मराठीने हा 'तर' पूर्ण टाकला असेही नाही. आपण 'तरतमभाव' म्हणतो, तेव्हा त्यात संस्कृतचा हा सगळा हिशेब घडी घालून ठेवलेला असतो : दोघांत तुलना करताना 'तर', अनेकांत करताना 'तम'. इंग्रजीत दोघांच्या तुलनेत 'बेटर' आणि तिघांपासून पुढे 'बेस्ट', दोन भावांत 'द एल्डर' आणि तिघांत 'द एल्डेस्ट', हा नियम मराठी मुलांना जड जातो. कारण 'दोघांत मोठा' आणि 'सगळ्यांत मोठा' यांत आपला 'मोठा' बदलत नाही. संस्कृतच्या विद्यार्थिनीला मात्र तो जड जाऊ नये. अर्थात इंग्रज स्वतः हा नियम पाळतातच असे नाही. पाय दोनच असूनही 'पुट युअर बेस्ट फुट फॉरवर्ड' असे ते खुशाल म्हणतात.

प्रश्न : शाळेत आम्हाला शिकवले होते की दोघे असतील तर 'ईच अदर' आणि दोहोंपेक्षा जास्त असतील तर 'वन अनदर', तसेच दोघांत 'बिट्वीन' आणि अनेकांत 'अमंग'. हे आजही पाळायचे का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पहिला नियम सोडून दिला तरी चालेल. इंग्रजी शब्दप्रयोगांचे नामांकित जाणकार हेन्री फाउलर यांनी १९२६ सालीच, या भेदाचा उपयोग नाही आणि त्याला इतिहासाचाही आधार नाही, असे लिहून ठेवले आहे. आपले 'एकमेकांना' जसे दोघांनाही चालते आणि दहांनाही, तसेच हे आहे. 'एकमेकींना' म्हणून आपण दोन्हीकडे बायकाच आहेत हेही सांगून टाकतो. ते इंग्रजीच्या आवाक्याबाहेरचे आहे.

'बिट्वीन'चा नियम अर्धा खरा आहे. तिघांत करार झाला आणि प्रत्येकाचे प्रत्येकाशी काही देणेघेणे ठरले, तर तेथेही 'बिट्वीन'च येतो. 'अमंग' गर्दीसाठी आहे, जेथे माणसे सुटी सुटी दिसत नाहीत.

प्रश्न : मुलाकडे इंग्लंडमध्ये सहा महिने राहिलो. नळ दुरुस्त करणारा माणूस 'अ कपल ऑफ डेज' म्हणाला, म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळपासून त्याची वाट पाहिली. तो पाचव्या दिवशी उगवला. 'कपल' म्हणजे दोन ना? तिथेच एका दुकानात 'पायजमा' मागताना माझे 'वन पायजमा' ऐकून विक्रेती हसली, तेही कळले नाही. (जुळ्या मुलांना 'ट्विन' म्हणायचे की 'ट्विन्स', तेही सांगावे.) — एक ज्येष्ठ वाचक, कोल्हापूर

उत्तर : नवराबायको असतील तर 'कपल' म्हणजे दोनच, दिवस, रुपये, गोष्टी असतील तर ते आपल्या 'दोनचार'सारखे सैल असते. 'दोनचार दिवसांत येतो' म्हणणाऱ्या गवंड्याची आपण तिसऱ्या दिवशी सकाळपासून वाट पाहत नाही. नक्की दोनच हवे असतील तर 'टू डेज' म्हणवून घ्यावे.

पायजम्याची गोष्ट जरा गमतीची आहे, कारण शब्द तिकडे गेला तो इकडूनच. फारसीत 'पाय' आणि 'जामा' मिळून झालेला हा शब्द मराठीत एकवचनी आहे, जशी विजार, कात्री, चिमटा आणि चष्मा. इंग्रजीत मात्र दोन पाय, दोन पाती किंवा दोन भिंगे असलेली वस्तू अनेकवचनी होऊन बसते : 'ट्राउझर्स', 'सिझर्स', 'ग्लासेस'. आपला पायजमाही तेथे पोहोचताच 'पजामाज' झाला. एक हवा असेल तर 'अ पेअर ऑफ पजामाज' म्हणावे लागते. वस्तू एकच, तरी नावात 'जोडी'. याच्या उलट चपलांच्या बाबतीत आपण घोटाळा करतो. देवळाबाहेर एकच चप्पल हरवली, तरी 'माय वन पेअर इज मिसिंग' असे म्हणणारे मी ऐकले आहेत. 'पेअर' म्हणजे जोड. अनवाणी घरी यावे लागले तर 'पेअर' गेला म्हणावे. एका पायात चप्पल असेल तर गेली ती 'वन चप्पल'.

जुळ्यांविषयी आपण कंसात विचारले आहे, त्याचे उत्तर थोडक्यात देतो. 'ट्विन' म्हणजे जुळ्यांपैकी एक मूल. म्हणून 'ट्विन्स' झाले म्हणजे दोन मुले झाली, आणि 'टू पेअर्स ऑफ ट्विन्स' म्हणजे चार.

प्रश्न : इंदूरमधील आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या इंग्रजी परिपत्रकात 'बायमंथली मीटिंग' असे छापले गेले. काही सभासद महिन्यातून दोनदा सभा असल्याचे समजून पंधरा दिवसांनी सभागृहाच्या बंद दारापाशी येऊन परत गेले. सभा दोन महिन्यांतून एकदा आहे. कोश पाहिला तर दोन्ही अर्थ दिलेले आहेत! आता शुद्धिपत्र काढायचे आहे, त्यात काय लिहावे?

उत्तर : सभासदांचा दोष नाही आणि आपलाही फारसा नाही, शब्दच दुतोंडी आहे. 'बायमंथली' आणि 'बायवीकली' या दोन्ही शब्दांना 'दोनदा' आणि 'दोनांतून एकदा' असे दोन्ही अर्थ आहेत. वर्षाच्या बाबतीत इंग्रजीने निदान दोन शब्द केले आहेत : 'बायॅन्युअल' म्हणजे वर्षातून दोनदा आणि 'बायेनियल' म्हणजे दोन वर्षांतून एकदा. पण ते कानाला इतके सारखे लागतात की त्यांचा भरवसा धरू नये. मराठीत 'द्वैमासिक' म्हटले की दोन महिन्यांतून एकदा आणि 'पाक्षिक' म्हटले की पंधरवड्यातून एकदा, हे नियतकालिकांच्या नावांमुळे पक्के झाले आहे.

'बाय' सुरुवातीला असलेला कोणताही शब्द शुद्धिपत्रात घेऊ नये. 'द कमिटी मीट्स वन्स एव्हरी टू मंथ्स' असे लिहावे, त्याखाली पुढच्या तीन सभांच्या तारखा द्याव्यात, आणि मराठी मजकुरात 'दर दोन महिन्यांनी एकदा' असे अक्षरी छापावे. बंद दारापाशी येऊन गेलेल्या सभासदांना मात्र परिपत्रकावर न थांबता फोन करावा.